एकाच पीसीत दोन कर्नल, आणि सकाळी नेमका नको तोच उठतो

अंबड_जॉबवर्क (धागाकर्ता), सोमवार रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक ड्रिल आणि एक म्हातारं मिलिंग मशीन. मिलिंगचा मूळ कंट्रोलर केव्हाच मेला. दोन वर्षांपूर्वी त्याला स्टेपर मोटारी बसवल्या, पॅरलल पोर्टचं कार्ड घातलेला चार कोअरचा पीसी जोडला आणि लिनक्स-सीएनसी (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), त्यावर ६.१ मालिकेतला रियल-टाइम कर्नल, म्हणजे मोटारींना इशारे नेमक्या वेळी देणारा सिस्टिमचा गाभा. आजवर कुरकुर नव्हती.

दिवाळीत भाचा शिकायला म्हणून आमच्याकडेच राहायला आला. त्याला संध्याकाळी त्याच पीसीवर ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) चालवायचं असतं. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड घेतलं, तर त्याचा बंदिस्त ड्रायव्हर रियल-टाइम कर्नलवर बसायलाच तयार नाही. वायफायच्या डोंगलला नवा कर्नल हवा. मग त्याने बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी मिळणारी नवी पॅकेजेस) साधा ६.१२ टाकला. रियल-टाइमवालाही आहे, तो काढलेला नाही.

तेव्हापासून रोज सकाळी तोच तमाशा. तात्या (आमचे ऑपरेटर, मशीनचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतात, पण कॉम्प्युटर म्हणजे त्यांच्यासाठी एक बटन) बटन दाबून चहा सांगायला जातात. परत येईपर्यंत ६.१२ चालू झालेला असतो. लिनक्स-सीएनसी 'पॉझिक्स नॉन-रियलटाइम' अशी ओळ टाकून रुसून बसतं. आज मी पार्टीकडे सातपूरला अडकलो होतो, अकरापर्यंत मशीन उभं. चाळीस ब्रॅकेटचा लॉट उद्यावर गेला.

दोन्ही कर्नल ठेवून रियल-टाइमवाला कायमचा पहिला कसा करायचा? ग्रबच्या (पीसी चालू होताना कर्नल निवडून देणारा प्रोग्राम, म्हणजे बूटलोडर) सीएफजी फाइलमध्ये मी हाताने ओळी वरखाली केल्या होत्या. आठवडाभर चाललं, मग एक अपडेट आलं आणि पुन्हा जैसे थे.

ता. क. फोनवरून देवनागरीत टंकतोय, त्यामुळे कमांडही वाचून दाखवल्यासारख्या येतील. सांभाळून घ्या.

तोफखाना

देवळालीला राहतो. शीर्षकात 'कर्नल' आणि 'सकाळी उठतो' वाचलं, वाटलं आमच्या कॅम्पातलीच भानगड. आत येऊन पाहतो तर बूटही आहेत, पण पायात घालायचे नाहीत. ह. घ्या.

काळा_पडदा

ती सीएफजी फाइल उघडल्यावर पहिल्याच ओळीत 'ही फाइल संपादित करू नका' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे 'येथे जाहिराती लावू नयेत' लिहिलेल्या भिंतीवरच जाहिराती लागतात, त्यातलाच हा प्रकार. :)

ती फाइल हाताने लिहायची नसतेच. अपडेट-ग्रब चाललं की /ईटीसी/ग्रब.डी मधल्या स्क्रिप्ट क्रमाने चालतात आणि ती नव्याने लिहून काढतात. कर्नल शोधायचं काम '१०_लिनक्स' नावाच्या स्क्रिप्टचं. ती बूट फोल्डरमधले सगळे कर्नल बघते आणि सर्वांत मोठ्या आवृत्तीचा वर ठेवते. ६.१२ हा ६.१ पेक्षा मोठा, म्हणून तो वर. तुमच्या हातच्या ओळी गेल्या त्या तिथे.

उपाय: /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब फाइलमध्ये ग्रब_डिफॉल्ट=० आहे, तिथे अवतरणात "१>२" लिहा, मग सुडो अपडेट-ग्रब. मोजणी शून्यापासून. १ म्हणजे 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'चा उपमेनू, २ म्हणजे त्यातली तिसरी ओळ. तिथे ६.१२, मग त्याचा रिकव्हरी, आणि तिसरा तुमचा रियल-टाइम असणार.

द्राक्षबाग

एक बाळबोध शंका. ६.१२ मोठा कसा? ६.९ मोठा ना?

काळा_पडदा

@द्राक्षबाग, तो दशांश नाही हो. सहाव्या मालिकेतला बारावा. तुमच्या सातबाऱ्यावर गट नंबर ६/९ आणि ६/१२ असतात तसं समजा.

निफाडची_थंडी

"१>२" ला माझा कडक विरोध. रेशनच्या रांगेत 'तिसऱ्या माणसाला साखर द्या' असं सांगण्यासारखं आहे ते. उद्या ६.१२ चं पुढचं अपडेट आलं की जुना आणि नवा असे दोन साधे कर्नल रांगेत उभे राहणार, आणि तिसऱ्या जागी भलताच येणार. धागाकर्ते पुन्हा सातपूरला असतील त्याच दिवशी हे होणार, लिहून ठेवा.

माणसाला नावाने हाक मारा. सीएफजी फाइलमध्ये (फक्त वाचायला!) प्रत्येक नोंदीच्या ओळीत एक लांबलचक आयडी असतो, 'जीएनयू-लिनक्स'ने सुरू होणारा. उपमेनूचा आयडी, मध्ये '>' चिन्ह, मग रियल-टाइमच्या नोंदीचा आयडी. हे जोडून ग्रब_डिफॉल्टमध्ये घाला.

किंवा त्याहून बरं: ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड करा, अपडेट-ग्रब मारा, आणि तो आयडी ग्रब-सेट-डिफॉल्टला द्या. मग भाच्याला जेव्हा साधा कर्नल हवा असेल तेव्हा त्याने ग्रब-रीबूट वापरायचं. ती फक्त पुढच्या एका वेळेपुरती निवड असते. तो काम संपवून बंद करेल, सकाळी तात्यांना आपोआप रियल-टाइम मिळेल.

सावध: ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू असा एक जुळा भाऊ आहे, तो मुळीच चालू करू नका. तो शेवटी निवडलेलाच लक्षात ठेवतो. आमच्या घरी तो चालू होता. मी रात्री एकदा काहीतरी तपासायला जुना कर्नल निवडला आणि पुढचे तीन आठवडे सगळं घर त्याच जुन्यावर. कुणाला पत्ता नाही.

संगमनेरी_चिवडा

+१ सेव्ह्डला. फक्त बूट फोल्डर एलव्हीएमवर (डिस्कची लवचिक वाटणी करणारी सोय) असेल तर ग्रबला सुरू होताना तिथे लिहिता येत नाही. मग एका वेळेची निवड पुसली जात नाही, आणि 'एकदाच' म्हणून आलेला पाहुणा मुक्कामच ठोकतो. साध्या एक्स्ट-४ विभाजनावर अडचण नाही.

जुनं_खोड

तुम्ही पोरं नशीबवान. आमच्या वेळी ग्रबच्या जागी लायलो होतं. मेनू होता, पण त्याला फाइल सिस्टिम कळायची नाही. कर्नल डिस्कवर नेमका कुठल्या ब्लॉकात आहे तेच तो पाठ करून ठेवायचा. कर्नल बदलला आणि पुन्हा 'लायलो' कमांड चालवायला विसरलात, की दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर नुसतं 'एल आय' आणि पुढे स्मशानशांतता. अक्षरं किती छापली गेली यावरून दुखणं ओळखायचं. नाडीपरीक्षाच ती.

तेव्हा मी नाशिकरोडला एका क्लासमध्ये शिकवत असे. पंधरा मशीन, त्यातली चार कायम 'एल आय'वर. बूट फ्लॉपी घेऊन फिरायचो, पोस्टमनसारखा. उबंटूत ९.१० पासून, म्हणजे २००९ पासून, ग्रब २ आलं आणि लायलोचं काम तर २०१५ च्या डिसेंबरात अधिकृतपणे थांबलं. दोन मिनिटं शांतता पाळा.

तोफखाना

पाळली.

गोदाकाठ

मूळ मुद्द्यालाच हात घालतो. उत्पन्नाच्या मशीनचा पीसी नेटला का जोडलाय? त्यावर अपडेट का येतात? ब्लेंडर का आहे? भाच्याला दुसरा पीसी घ्या, मशीनचा पीसी डोंगल काढून टाकून आहे तसा गोठवा. विषय संपला. मामा-भाच्यांनी एका नावेत बसू नये हे आपल्या आज्या उगाच सांगत नव्हत्या.

अंबड_जॉबवर्क

@गोदाकाठ, हा हा, आई अगदी हेच म्हणाली! पण नाव एकच आहे हो. ग्राफिक्स कार्डालाच हात आखडला होता, दुसरा पीसी पुढच्या दिवाळीला बघू. पोरगं ड्रॉइंगही त्यावरच काढून देतं, त्याचे पैसे मी त्याला देत नाही, तेव्हा त्याला 'बंद कर' म्हणायला तोंड नाही.

@निफाडची_थंडी, सेव्ह्ड केलं. आज सकाळी तात्यांनी बटन दाबलं, चहा सांगून आले, आणि मशीन तयार! तुम्हाला मिसळ लागू. भाच्यासाठी डेस्कटॉपवर एक बटन करून दिलंय, दाबलं की ग्रब-रीबूट आणि लगेच रीस्टार्ट.

बाण_उजवीकडे

हे सगळं टाळायचं असेल तर ग्रबऐवजी सिस्टिमडी-बूट वापरा. प्रत्येक कर्नलला एक छोटी मजकूर फाइल, दहाबारा ओळींत विषय संपतो. ग्रब म्हणजे डास मारायला तोफ.

तोफखाना

तोफेबद्दल जपून बोला.

काळा_पडदा

@बाण_उजवीकडे, चालू धंद्याच्या मशीनवर बूटलोडर बदला असा सल्ला तुमच्याकडून दर धाग्यावर येतो. डबा बदलायचाय, तुम्ही रूळ उखडायला निघालात. शिवाय त्याला यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) लागतं. पॅरलल पोर्टच्या जमान्यातल्या पीसीत ते आहे का, हे आधी विचारा तरी.

मास्तरीणबाई

धागा आवडला. मी पॉलिटेक्निकला शिकवते, लॅबमध्ये मुलांसाठी असाच दुहेरी संसार आहे. दोन गोष्टी राहिल्यात असं वाटतं.

पहिली. सेव्ह्डमध्ये घातलेल्या आयडीत कर्नलचा नंबर असतो. रियल-टाइम कर्नलचं अपडेट येऊन जुना ऑटोरिमूव्हमध्ये (नको झालेली पॅकेजेस काढणारी कमांड) गेला की तो आयडी मेनूत राहत नाही, आणि ग्रब गुपचूप पहिल्या ओळीवर जातं. म्हणजे पुन्हा ६.१२, पुन्हा तात्या, पुन्हा चहा. म्हणून स्वतःची नोंद स्वतः लिहा, स्वतःच्या आयडीची.

कशी: सीएफजी फाइलमधून रियल-टाइमचा 'मेनू-एंट्री'पासून शेवटच्या महिरपी कंसापर्यंतचा तुकडा उचला आणि /ईटीसी/ग्रब.डी मधल्या '४०_कस्टम'मध्ये खाली चिकटवा. शीर्षक बदला. आयडी साधा द्या, उदाहरणार्थ 'मशीन'. कर्नल आणि इनिटआरडीच्या (कर्नलसोबत सुरुवातीला लागणारी फाइल) ओळींत नंबरवाल्या नावांऐवजी दोन सिमलिंकची (खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नावं) नावं घाला. मग ग्रब_डिफॉल्ट=मशीन. आत कुठलाही नंबर असो, बाहेरची पाटी बदलत नाही. (ही नावं रोमन लिपीत लिहा, हे सांगणे न लगे.)

इथे तीन खड्डे आहेत, तिन्हींत मी पडलेय.
सिमलिंकचं नाव 'व्हीएमलिनुझ-' ने सुरू करू नका, नाहीतर '१०_लिनक्स' त्यालाही कर्नल समजून मेनूत भलती ओळ काढते.
लिंक सापेक्ष ठेवा, नुसतं शेजारच्या फाइलचं नाव. बूट फोल्डर वेगळ्या विभाजनावर असेल तर पूर्ण पत्ता दिलेली लिंक लिनक्समध्ये चालते, पण ग्रबच्या दृष्टीने '/बूट' असं काही तिथे नसतंच.
आणि नवा कर्नल आला की लिंक फिरवणारी छोटी स्क्रिप्ट /ईटीसी/कर्नल/पोस्टइन्स्ट.डी मध्ये ठेवा. तिला पहिल्या आर्ग्युमेंटात आवृत्ती मिळते, तीत 'आरटी' असेल तरच लिंक बदलायची. तिच्या नावाला शेवटी डॉट-एसएच लावू नका. नावात टिंब दिसलं की रन-पार्ट्स (त्या फोल्डरमधल्या स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) ती फाइल वगळतं, ओरडत नाही, सांगत नाही. माझी अख्खी दुपार गेली होती.

दुसरी गोष्ट, एक प्रश्न: तुम्ही आयसोल-सीपीयूज (काही कोअर बाजूला राखून ठेवणारा कर्नलचा पर्याय) वापरता का? आणि कुठे लिहिलंय?

अंबड_जॉबवर्क

बाई, वापरतो. लेटन्सी टेस्टचा (प्रतिसादाला किती उशीर होतो ते मोजणारी चाचणी) आकडा त्यानेच खाली आला. ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्टमध्ये लिहिलंय, २,३. का?

मास्तरीणबाई

वाटलंच. ती ओळ रिकव्हरी सोडून सगळ्या कर्नलना लागते. म्हणजे भाचा साधा कर्नल लावतो तेव्हाही चारपैकी दोन कोअर बाजूला काढून ठेवलेले असतात. त्याचं ब्लेंडर अर्ध्या ताकदीवर चालतंय. विचारा त्याला.

आयसोल-सीपीयूज तिथून काढा आणि तुमच्या '४०_कस्टम'च्या नोंदीत कर्नलच्या ओळीच्या शेवटी लिहा. ज्याचं त्याला.

द्राक्षबाग

आणखी एक बाळबोध शंका. रियल-टाइम तर आता मुख्य कर्नलमध्येच आलंय ना? ६.१२ मध्येच? मग दोन कशाला, ६.१२ च चालेल की.

निफाडची_थंडी

शंका बाळबोध नाही, रास्त आहे. प्रीएम्प्ट-आरटी (हीच ती रियल-टाइमची सोय) २० वर्षं बाहेर पॅच म्हणून फिरत होतं, ते २०२४ च्या सप्टेंबरात मुख्य कर्नलमध्ये घेतलं गेलं आणि ६.१२ त्याच नोव्हेंबरात आला. पण 'घेतलं' म्हणजे 'चालू केलं' नव्हे. कर्नल बांधताना तो पर्याय निवडावा लागतो. डेबियनच्या साध्या कर्नलमध्ये तो निवडलेला नसतो, त्यासाठी 'आरटी' नावाचा वेगळा कर्नल तेच बांधून देतात. सामान एकाच किराणा दुकानातलं, पण फोडणी वेगळी.

यावरून आठवलं. दोन्ही कर्नल एकाच नंबरचे ठेवले, म्हणजे बॅकपोर्ट्समधूनच ६.१२ चा आरटीही घेतला, तर काहीही न करता आरटीवाला वर बसतो. कारण नंबर सारखा असला की तुलनेत ज्याच्या नावाला जादा शेपूट तो मोठा ठरतो, आणि '-आरटी' ही जादा शेपूट.

तोफखाना

म्हणजे रावणाच्या दरबारात मारुतीने शेपटीचं वेटोळं करून वर बसावं तसं. अंजनेरी इथून जवळच, शोभतं.

काळा_पडदा

विनोद ठीक, पण शेपटीच्या लांबीवर धंदा चालवू नये. साध्याचं अपडेट चार दिवस आधी आलं की मारुती खाली. आणि चालतं मशीन ६.१ वरून ६.१२ वर न्यायचं तर लेटन्सी टेस्ट पुन्हा तासभर चालवा, तीही पडद्यावर बऱ्याच खिडक्या उघडून. बाईंचा उपाय +१. माझा "१>२" मी मागे घेतो. (@निफाडची_थंडी, स्क्रीनशॉट काढू नका.)

निफाडची_थंडी

काढला.

संगमनेरी_चिवडा

पुढे कधी डेबियन १३ वर गेलात तर त्यात ग्रब २.१२ आहे. तिथे ग्रब_टॉप_लेव्हल नावाची ओळ आहे, तीत कर्नलच्या फाइलचा पत्ता दिला की तोच सगळ्यांच्या वर येतो. डेबियन १२ मधल्या २.०६ मध्ये ही सोय नाही. पत्त्यात नंबर येतोच, त्यामुळे बाईंच्या लिंकेची सर त्याला नाही.

पांढरा_रस्सा

कुणीतरी मिसळीचा विषय काढला होता. तो अर्धवट सोडल्याबद्दल निषेध. आणि अंबडची मंडळी मिसळ कुठे देणार? सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरलेत, पोचेपर्यंत पाव वाळेल.

अंबड_जॉबवर्क

अपडेट. काल रविवार त्यातच घातला.

बाईंनी सांगितलं तसं केलं. आयडी 'मशीन', दोन लिंका, पोस्टइन्स्टची स्क्रिप्ट (टिंब न लावता). फाइलीचं नाव '४०' ऐवजी '०९'ने सुरू केलं, म्हणजे मेनूतही ओळ सगळ्यात वर येते. एक्झिक्युटेबल करायला विसरलो होतो, अर्धा तास नोंद दिसेना.

तात्यांना वाचता यावं म्हणून शीर्षक मराठीत 'मिलिंग मशीन' दिलं. अक्षरं दिसली, पण सगळी सुटी सुटी. 'मि'ची वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडली. तात्या चष्मा वर करून म्हणाले, "शेठ, हे कोणी लिहिलं, पहिलीतल्या पोरानं?"

मास्तरीणबाई

ग्रबकडे युनिकोडचा फॉन्ट असतो, पण देवनागरीची जुळणी त्याला येत नाही. अरबी येते, आपली नाही. ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षर नसलेला शब्द शोधा.

तोफखाना

'मामा' आणि 'भाचा'. काना सोडून काही नाही. आई काय म्हणेल ते मात्र बघा, दोघं शेवटी एकाच नावेत.

पांढरा_रस्सा

'उसळ' पण चालेल.

भाचा_स्वतः

नवीन सदस्य. मीच तो भाचा. मामाने धाग्याची लिंक पाठवली.

दोन कोअरची गोष्ट खरी निघाली. मला वाटायचं पीसीच जुना आहे म्हणून हळू चालतो. काल नवी नोंद झाल्यावर तीच फ्रेम रेंडर केली, आधी सव्वाअकरा मिनिटं लागायची, आता सहाच्या आत. मास्तरीणबाईंना साष्टांग नमस्कार. मामा, चार महिने माझे दोन कोअर तुमच्याकडे होते, त्याचं भाडं ड्रॉइंगच्या पैशांत धरू का?

अंबड_जॉबवर्क

घरी ये, बोलू.

मेनूत आता वर 'मामा', खाली 'भाचा' आहे, सरळ वाचता येतंय. पाच सेकंद थांबून मामा सुरू होतो. तात्यांनी आज पहिल्यांदाच चहा सांगायला न जाता पडद्यासमोर उभं राहून ते पाच सेकंद मोजले. मग विचारलं, "यात तात्या कुठाय?"